गेर मास्तरांचा ग्लास

जेवताना रस्त्यावरून एखादा ट्रक चुकीच्या गेरमध्ये गेला की गेर मास्तरांचा घास तोंडाजवळच थांबायचा. मान डावीकडे कलायची, डोळे मिटायचे. बाहेर इंजिन कण्हत चढ चढत असायचं आणि आत मास्तरांच्या कपाळावर एकेक आठी वाढत जायची. शेवटी न राहवून ते ओरडायचे, "अबे, दुसरा टाक ना बे! जीव घेऊन राहिला तिचा!" ट्रकवाल्याला अर्थातच काही ऐकू जात नसे. तो आपला कारध्याचा पूल गाठून पलीकडे निघून गेलेला असायचा. मास्तरांचं घर भंडाऱ्यातून पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नेमकं चढापाशी होतं. त्यांची बायको, म्हणजे आम्हा शिकणाऱ्या सगळ्यांची मावशी, म्हणायची, "लोकं पानी पाहून घर घेते. यायनं चढाव पाहून घेतलं."

मास्तरांचं खरं नाव सांगून उपयोग नाही. विचारलं तर मावशीलासुद्धा ते आठवायला वेळ लागायचा. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गोंदिया वेगळा झाला, त्या सुमाराला त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक पांढरी, चारी बाजूंनी खरचटलेली गाडी होती आणि मास्तरांच्या पायाखाली जादा ब्रेक, जादा क्लच. "जिल्हा तुटला तं अर्धं गिऱ्हाईक गोंद्याले गेलं," ते म्हणायचे, "पन बिघडलेले ड्रायव्हर सारे इकडंच राहिले." स्वभावाने माणूस तापट, तोंडाने फटकळ, आणि स्वतःच्या हुशारीबद्दल तिळमात्र शंका नसलेला. असा माणूस दुरून बरा वाटतो. मी जवळून पाहिला, आणि तरी मला बरा वाटला.

मला मोहाडीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा वडिलांनीच त्यांच्याकडे पाठवलं. "शिव्या देते, पन शिकवते," एवढीच शिफारस. पहिल्या दिवशी मास्तरांनी मला स्टिअरिंगला हातही लावू दिला नाही. शेजारी बसवून डोळे मिटायला लावले आणि म्हणाले, "मॅडम, गेर हातानं नाही पडत, कानानं पडते. गाडी मांगते तवा द्या. आंधी देल तं रडन, उशिरा देल तं शिव्या देईन." मी नुकती शिक्षिका झाले होते म्हणून 'मॅडम'. ते आदराने म्हणतात असं मला सुरुवातीचे काही दिवस वाटलं.

आणि मग तो ग्लास. स्टीलचा, उभा, काठाला एक पोचा पडलेला. शिकवणीच्या वेळी तो पाण्याने काठोकाठ भरून मागच्या सीटवर बसलेल्या माणसाच्या हातात द्यायचा, अशी मास्तरांची पद्धत. हा मागचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा मावशीच. मोहाडीच्या बाजाराला ती आमच्याच गाडीतून यायची आणि सारी वाट मांडीवर ग्लास धरून बसायची. पुढच्या सीटवर ती कधीच बसली नाही. "पुढं बसली का माहाच पाय ब्रेक शोधते," म्हणायची. मास्तरांचा नियम एकच होता. गेर कधी बदलला हे मागच्याला समजता कामा नये. पाणी सांडलं की समजलं, आणि समजलं की नापास. बाजारात उतरताना मास्तर विचारायचे, "काय भिजलं?" मावशी निऱ्या झटकत सांगायची, "काल निऱ्या भिजल्या होत्या, आज पदरच भिजला. सुधारून राहिली पोरगी."

एका दिवशी मी आरशात पाहिलं तेव्हा कळलं, की गाडी सुरू व्हायच्या आधी मावशी हळूच ग्लासातला एक घोट पिऊन घेते. पाणी बोटभर खाली गेलं की सांडायची भीती कमी. माझी नजर आरशात तिच्या नजरेला भिडली, तर तिने तोंड पुसलं आणि खिडकीबाहेरचे धानाचे बांध पाहायला लागली. त्या घोटाच्या जोरावर मी पास झाले.

ऑटोमॅटिक गाडीचा मास्तरांना मनस्वी तिटकारा. कुणी नागपूरला तशी गाडी पाहून आला आणि कौतुक करू लागला, की ते म्हणायचे, "थे लंगड्याईची गाडी. ज्याले पाय आहे त्यानं कायले बसाव तिच्यात?" हे वाक्य त्यांनी चारचौघांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की पुढे ते कुणी त्यांच्यासमोर उच्चारत नसे. कारण साखरेच्या आजारात त्यांच्या अंगठ्याला फोड आला, मास्तरांनी हळद भरून तो चपलेत कोंबला, आणि शेवटी गुडघ्याखालून पाय काढावा लागला. नेमका डावा. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा ते चादरीखालच्या सपाट जागेकडे पाहत होते. मला म्हणाले, "मॅडम, क्लच गेला." आणि हसले.

स्कूल बंद झालं, पांढरी गाडी विकली गेली. मास्तर ओसरीत कुबडी भिंतीला टेकवून बसायचे आणि चढावरचे ट्रक ऐकायचे. ओरडणंही बंद झालं होतं. तशात मावशीचा जुना कॅन्सर, जो बरा झाला असं सगळे समजून होते, तो परत आला आणि मणक्यात उतरला. नागपूरला रोज जाऊन रेडिएशनचा शेक घ्यायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. मणका वेळेत वाचला तर पाय वाचतील, हेही सांगितलं. नागपुरात राहायची सोय होत होती, पण मावशी घराबाहेर झोपायला तयार नव्हती. "मरन आलं तं माह्या घरी येऊ दे. त्याले पत्ता माहीत आहे."

पहिले काही दिवस ठरवून आणलेल्या जीपने नेलं. माझी उन्हाळ्याची सुट्टी होती. बाईमाणूस सोबत हवं म्हणून मी जायची. मावशी मागच्या सीटवर आडवी, तिचं डोकं माझ्या मांडीवर. महामार्गाचं रुंदीकरण चाललेलं, जिकडेतिकडे खड्डे, गिट्टी, वळणरस्ते. पण मावशी खड्ड्यांना भीत नव्हती. एकदा दात आवळून ती मला म्हणाली, "खड्ड्याचं काही नाही वं. खड्डा दिसते, तू सांगते, मी अंग धरून घेते. पन हा गेरचा झटका सांगून येत नाही." हे मी मास्तरांना सांगितलं. ते ऐकून त्यांनी आपल्या उरलेल्या पायाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुण्याला राहणाऱ्या आपल्या मुलाला फोन करून म्हणाले, "मले लंगड्याईची गाडी पायजे."

मुलाने नागपूरच्या एका डॉक्टरची वापरलेली ऑटोमॅटिक गाडी मिळवून दिली. मास्तर तिच्यात बसले ते सासरी आलेल्या नव्या सुनेसारखे अंग चोरून. कुठे हात ठेवावा कळेना. डावा हात सारखा गेरच्या दांड्याकडे जायचा आणि तिथे काही काम नाही हे आठवून मांडीवर परत यायचा. "ही मले विचारतच नाही," ते चिडून म्हणायचे, "आपल्याच मनानं गेर टाकते!" आणि टाकायची तीही दांडगाईने. इंजिन ओरडेपर्यंत खालचा गेर धरून ठेवायची आणि मग धाडकन वरचा. मागे मावशी "माय वं" म्हणून माझा हात आवळायची. मास्तर आरशात पाहायचे. माझ्याकडून पाणी सांडायचं तेव्हाची त्यांची नजर मला माहीत होती. ही तशी नव्हती. या नजरेत लाज होती.

त्यांनी गाडी नागपूरच्या एका वर्कशॉपात नेली आणि गेरबॉक्स नादुरुस्त आहे म्हणून भांडायला सुरुवात केली. तिथला मिस्त्री वयाने पोक्त, शांत माणूस. त्याने गाडीला आपलं यंत्र जोडलं, स्वतः एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मास्टरजी, गेर खराब नही है. इसको पुराना मालिक याद है." मग त्याने समजावून सांगितलं. या गाडीच्या गेरबॉक्सला एक छोटा मेंदू आहे. तुमचा पाय किती जोरात पडतो, ब्रेक किती वेळा लागतो, चढ आहे की उतार, गाडीत वजन किती, हे सगळं तो पाहत असतो आणि त्यावरून मालक कसा आहे ते ठरवतो. डॉक्टरसाहेबांचा पाय भारी, नेहमी घाईत. म्हणून ती गेर ताणून धरायला आणि झटक्याने टाकायला शिकली. तुम्ही मऊ चालवत राहा, ती तुमचा पाय ओळखेल.

"मंग तिले एकदमच विसरवून टाक ना डॉक्टरले," मास्तर म्हणाले. मिस्त्रीने मान हलवली. बॅटरी काढली तर ती सगळंच विसरेल, पण कोरी गाडी अंदाजाने चालते, ती तर आणखी झटके मारते. "भुलाने से अच्छा है, सिखाओ," तो म्हणाला. घराच्या चढाशी आल्यावर मास्तर म्हणाले, "जिंदगीभर पोट्ट्याईले शिकवलं. आता गाडीले शिकवाचं."

मग त्यांनी तिला शिकवलं. नुसतं चालवून नाही, बोलून. "हं, आता चढाव आला, घाई नोको करू. धर. धरून ठेव. आता सोड. शाब्बास." मला ज्या माणसाने एकदाही शाब्बास म्हटलं नाही, तो त्या लोखंडाला दर चौकात शाब्बास म्हणत होता. मला खरोखर राग यायचा. उजवा पाय ते असा ठेवायचे, जणू खाली झोपलेलं मूल आहे. ग्लास आता माझ्या हातात असायचा, कारण मावशीच्या हातात बळ उरलं नव्हतं. सुरुवातीला माझी ओढणी भिजायची. मग फक्त बोटं. मग एका सकाळी मौदा मागे पडला आणि माझ्या लक्षात आलं, की गाडीने मघापासून कितीतरी गेर बदलले असतील आणि मला एकही कळलेला नाही. मावशीचा श्वास एका लयीत चालला होता. मास्तरांनी आरशात न पाहता विचारलं, "झोपली?" मी म्हटलं, "झोपली." त्यांनी डोळे पुसले नाहीत, हात स्टिअरिंगवरून काढला असता तर गाडी हलली असती.

हे असंच चाललं असतं तर मला हे लिहावं लागलं नसतं. मध्येच मावशीचं रक्त कमी झालं आणि डॉक्टरांनी आठवडाभर शेक थांबवला. नेमकं त्याच आठवड्यात सानगडीला मास्तरांच्या बहिणीच्या मुलाचं लग्न. आमच्याकडे नवरदेव मामाच्या गाडीत बसून निघतो. मामाकडे गाडी नसेल तर गोष्ट वेगळी, पण असून दिली नाही, तर ते दुखणं पिढ्यान्‌पिढ्या पुरतं. भाचा स्वतः मागायला आला. मास्तर गप्प बसले. आतून मावशीच म्हणाली, "काहून चूप बसले? गाडी उभीच तं आहे. मामाची गाडी नाही गेली तं मी मेल्यावरही लोकं नाव ठेवतीन." मास्तरांनी चावी दिली. देताना म्हणाले, "सावकाश चालव बाप्पा. तिले सावकाशची सवय आहे." भाचा हसला. त्याला वाटलं, मामा म्हातारा झाला.

पाहुणे आणायला साकोली, मंडप-सामानाला लाखनी, लग्नाच्या दिवशी वरात, दुसऱ्या दिवशी नव्या नवरीला घेऊन कुठे तळ्यावर फिरायला. गाडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. जो बसेल त्याने पाय आपटून पाहिला, कारण बिनक्लचची गाडी त्या पोरांनी कधी चालवली नव्हती. दहा-दहा माणसं कोंबून तिला दामटली. त्यांचा तरी काय दोष, असं लोक म्हणतात. मला मात्र त्या पोरांचा आजही राग येतो. गाडी परत आली ती धुऊन, पुसून, बॉनेटवर झेंडूचा सुकलेला हार आणि मागच्या सीटवर लाडवांचं पाकीट घेऊन.

पुढच्या फेरीला मास्तरांनी चढावरून गाडी काढली आणि तिने इंजिन ताणून, धाडकन गेर टाकला. मावशी झोपेत होती, अंग धरलेलं नव्हतं. ती ओरडली. आजारपणात इतक्या दिवसांत मी तिचं ओरडणं ऐकलं नव्हतं. पूर्ण ग्लास तिच्या छातीवर सांडला. मास्तरांनी गाडी कडेला घेतली, पुन्हा सुरू केली, अगदी अलगद पाय ठेवला, तरी पुन्हा तेच. गाडीला आता वरात आठवत होती. मावशी मला म्हणाली, "घरी ने मले. मी आता नागपूरले येत नाही." मास्तर समोर पाहत म्हणाले, "दोन दिवस दे मले. मी तिले पुन्हा शिकवतो." मावशी म्हणाली, "शिकवा. पन मले नोका बसवू तवर."

दुसरी गाडी करू, रुग्णवाहिका बोलावू, आम्ही सगळं म्हणून पाहिलं. मावशीने भिंतीकडे तोंड केलं. त्या झटक्याची धास्ती तिच्या अंगात बसली होती. वेदनेपेक्षा ती न सांगता येते, याची. मग मास्तर उजाडल्यापासून रिकामी गाडी घेऊन निघायचे. मोहाडीपर्यंत जायचे, परत यायचे, पुलाचा चढ चढायचे, उतरायचे, पुन्हा मोहाडी. मागच्या सीटवर तांदळाची गोणी आडवी ठेवलेली, मावशीच्या वजनाची, म्हणजे गाडीला ओझं कळावं. गोणीला टेकून ग्लास. लोकांना वाटायचं, मास्तरांच्या डोक्यावर परिणाम झाला. दोनाचे चार दिवस झाले, चाराचा आठवडा झाला. शेवटी एके दिवशी दुपारी ते कुबडीवर झुलत, दुसऱ्या हातात तो ग्लास धरून घरात आले आणि मावशीच्या खाटेशी उभे राहिले. "हे पाह्य," म्हणाले. "मोहाडीहून आनला. थेंब नाही सांडला." मावशीने ग्लासाकडे पाहिलं, मग त्यांच्या घामाने निथळलेल्या तोंडाकडे. "चला मंग," म्हणाली, आणि उठायला गेली. तिचे पाय हलले नाहीत.

आम्ही तिला उचलून गाडीत घातलं. त्या दिवशी गाडी जशी चालली तशी मी पुन्हा कधी कुठली गाडी चाललेली पाहिली नाही. पण डॉक्टर म्हणाले, मध्ये जो खंड पडला त्यात मज्जारज्जूवर दाब आला. वेदना कमी करता येतील, पाय परत येणार नाहीत. बाहेर पायरीवर बसून मास्तर म्हणाले, "माहा एक गेला, तिचे दोन गेले. आता घरात मिळून एकच पाय उरला, मॅडम." लग्नाबद्दल, भाच्याबद्दल ते कधीच काही बोलले नाहीत. चावी मात्र त्यानंतर त्यांच्या बनियनच्या खिशात गेली ती कुणालाही मिळाली नाही.

धानाची कापणी चालू असताना मावशी गेली, घरीच, तिच्या म्हणण्याप्रमाणे. पुण्यानुमोदनाच्या जेवणाला सानगडीचे सगळे आले होते. जेवणं झाली, माणसं पांगली, आणि संध्याकाळी मास्तरांनी गाडी काढली. मला वाटलं, कुणाला सोडायला. तर म्हणाले, "बसा, मोहाडीपर्यंत जाऊन येऊ." मागची सीट रिकामी होती, आणि त्यांचा पाय तसाच अलगद. न राहवून मी विचारलं, "मास्तर, आता कायले इतकं सावकाश?" ते म्हणाले, "चार दिवस कोनी येडंवाकडं चालवली का हे गाडी विसरते. पाहिलं ना आपन? तिच्यासाठी शिकली हे. हिच्याशिवाय कोनाले माहीत आहे, ती कशी झोपत होती?" मी खिडकीबाहेर तोंड केलं. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "थे घोट पेत होती, तुमच्या वक्ती. मले माहीत होतं."

"मग बोलले काहून नाही?"

"तिले तहान लागत होती, मॅडम. मी कोन अडवनारा?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी मोहाडी रस्त्यावर ती गाडी दिसायची. मागून हॉर्न वाजवणारे शिव्या देऊन पुढे निघून जात, मास्तर ऐकून घेत. मग साखरेने त्यांचे डोळे नेले. ज्या दिवशी डॉक्टरांनी गाडी बंद करायला सांगितली, त्या दिवशी ते कुबडी टेकत माझ्या घरी आले आणि बनियनच्या खिशातून चावी काढून माझ्यासमोर ठेवली. "तुमी चालवा. पन तुमच्या पायानं नाही, माह्या पायानं चालवा." मग दर रविवारी मी चालवायची आणि ते मागे, मावशीच्या जागी, ग्लास मांडीवर घेऊन बसायचे. दिसत काही नव्हतं, ओल कळायची. माझ्याकडून कधी चुकून पाय जड पडला की मागून आवाज यायचा, "मॅडम, ती झोपली आहे." शाब्बास त्यांनी शेवटपर्यंत म्हटलं नाही.

मास्तर गेले ते धानाच्या रोवणीच्या दिवसांत, भर पावसात. मुलगा आला, सगळं रीतसर केलं, घराला कुलूप लावलं. गाडी ताडपत्रीखाली उभी राहिली. चावी त्याच्याकडे गेली. मागायला मला तोंड नव्हतं, ती काही माझी गाडी नव्हती. हिवाळ्यात तो परत आला आणि साकोलीच्या एका दुकानदाराला गाडी विकल्याचं त्याने मला सांगितलं. त्याला लगेच पुण्याला जायचं होतं. "ताई, तुम्हालाच तिची सवय आहे, तेवढी पोचवून द्याल? उभी राहून बॅटरी मेली होती. नवी टाकली आहे, आता काही त्रास नाही." त्याने ते भल्या मनाने केलं होतं. मी चावी घेतली.

ग्लास गाडीतच होता, सीटच्या खिशात. मी तो काठोकाठ भरला, मागच्या सीटवर माझ्या शालीच्या वेटोळ्यात ठेवला, आणि मास्तरांच्या पायाने गाडी काढली. त्यांच्या बंद घरासमोरच्या चढावर तिने दुसरा गेर टाकला आणि गाडी हिसका देऊन पुढे गेली. ग्लास कलंडला. पाणी सीटवरून खाली ओघळलेलं मला आरशात दिसलं. तिला मावशी आठवत नव्हती, मास्तर आठवत नव्हते, वरातही नाही. पुलावर मी रडत रडत गाडी चालवली, हे कबूल करायला मला लाज नाही. मागून ट्रकवाले ओरडत होते.

लाखनीला एका हॉटेलसमोर थांबून मी ग्लास पुन्हा भरला. कशासाठी, ते सांगता येत नाही. साकोलीपर्यंत मी तिला शिकवत गेले. "घाई नोको करू. धर. आता सोड." माझ्या तोंडून त्यांचेच शब्द निघत होते. मधल्या वाटेत थोडं थोडं सांडत गेलं, पण मघासारखं एकदम नाही.

दुकानदार भला माणूस होता. गावातून एक चक्कर मारून दाखवा म्हणाला आणि स्वतः मागे बसला. ग्लास त्याने नवलाने उचलून हातात धरला. परत आल्यावर म्हणाला, "मॅडम, गेर कवा पडला समजलाच नाही. कोनाकडं शिकल्या?"

"एक मास्तर होते भंडाऱ्याला," मी म्हटलं.

त्याच्या हातातून ग्लास मागून घेऊन मी उतरले. तो पुढे बसला, नव्या गाडीचा आनंद, त्याने पाय दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडी हिसका देऊन चौकाकडे गेली. ग्लासात तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. ते मी पिऊन टाकलं आणि भंडाऱ्याची बस कुठे लागते ते विचारायला गेले.